ऊब ओळखणारा राखणदार



सवपासून वर पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत कितीतरी घरं गणपती-शिमग्यापुरतीच उघडतात. बाकीच्या घरांतली कर्ती माणसं मुंबईला. घरी सासू, सून नि लेकरं. म्हणून कोणी आलं की दिवा लावणारा, भोंगा वाजवणारा सेन्सर घ्यावा असं गटाच्या बैठकीत निघतं. दुकानदार डबा हातात देतो, आत काय चालतं ते सांगत नाही. मग भोंगा रोज रात्री उगाच वाजतो, आठ दिवसांत आपण वायर काढतो, आणि खरा चोर येतो त्या रात्री घर उघडंच.

चुलीतला जाळ विझला तरी निखाऱ्यांसमोर बसलं की तोंडाला धग लागते. ही धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, अवरक्त किरण. विल्यम हर्शल यांनी 1800 साली तो शोधला. आपल्या सवच्या गरम पाण्यातून तो निघतो, तसा माणसाच्या अंगातूनही, रात्रंदिवस.

अंगणातल्या दिव्यात बहुधा असतो तो पीआयआर सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त ऊब पाहतो. पुढची दुधी प्लास्टिकची टोपी समोरची जागा पट्ट्यापट्ट्यांत वाटते. आत ऊब ओळखणारे दोन बारके भाग शेजारी-शेजारी. भिंतीची, तुळशीवृंदावनाची ऊब दोघांवर सारखी पडते, म्हणून ते गप्प. माणूस चालला की आधी एकाला ऊब लागते, मग दुसऱ्याला. त्या फरकावर दिवा लागतो.

म्हणून हा सेन्सर आडव्या चालणाऱ्याला चटकन पकडतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. पायवाटेच्या तोंडावर नको. कडेच्या भिंतीवर, साधारण सात फुटांवर लावा. खिडकीच्या काचेआड लावलात तर पैसे वाया, कारण अंगाची ऊब काचेतून जात नाही. चूल, फ्रीजची पाठ, उन्हात हलणारी कपड्यांची दोरी समोर नको. गोठ्याकडे तोंड केलंत तर गाय उठली तरी दिवा लागेल. मे महिन्यात भिंती अंगाइतक्याच तापतात, तेव्हा त्याची नजर मंदावते. आणि सौर दिवा असेल तर आषाढात त्याच्यावर फार विसंबू नका, ऊनच नसतं.

दुसरा प्रकार किरणांच्या दोरीचा. फाटकाच्या एका खांबावरून किरण निघतो, समोरच्या खांबावरचा डोळा तो झेलतो. मधून कोणी गेलं, दोरी तुटली, भोंगा वाजला. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तशाच जातीचा हा प्रकाश. इथे अंगाच्या उबेचा संबंध नाही, त्यामुळे कडक उन्हाळ्यातही चालतो. पण आपल्याकडचा धो धो पाऊस, धुकं, वाढलेलं गवत, कोळ्याचं जाळं हेही ती दोरी तोडतात. पावसाळ्यात काच पुसायची आणि गवत कापायचं काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. जमणार नसेल तर हा प्रकार घेऊच नका, असं आमचं मत.

तिसरा जोडसेन्सर: पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र. दोघांनी हो म्हटलं तरच भोंगा. खोटी हाकाटी कमी, किंमत जास्त. बंद घराला तो बरा.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. परसात पीआयआर दिवा आहे म्हणून बॅटरी न घेता बाहेर जाऊ नका. फुरसं, मण्यार यांचं अंग आसपासच्या जमिनीइतकंच थंड-गरम असतं, त्यामुळे साप सरपटला तरी दिवा बहुधा लागत नाही. गंमत अशी की आपल्या रानातल्या चापडा सापाच्या तोंडावर, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये, ऊब ओळखणारी खाच असते. अंधारात तो उंदराला ओळखतो. दिव्याला मात्र तो दिसत नाही.

सेन्सर लावल्यावर मिनिटभर थांबा, त्याला स्थिर होऊ द्या. मग रात्री घरातल्या एकीने फाटकापासून मागच्या दारापर्यंत सगळ्या बाजूंनी चालून बघा. जिथे दिवा लागत नाही, तिथे खडूने खूण करा आणि सेन्सर थोडा वळवा.