उत्तर येतं, पण तोंड उघडत नाही: मुलांना बोलतं करणारे खेळ

औरंगाबादहून पैठण रोडने निघालं की चौदाव्या किलोमीटरजवळ चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे नाव देशभर गेलं. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काम शोधणाऱ्या पोरांपुढे आता वाळूज, शेंद्रा, बिडकीन असे पर्याय आहेत, आणि कुठेही गेलं तरी मुलाखत आलीच.

इथे आपली मुलं अडतात. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मुलाखतीत इंग्रजी. उत्तर माहीत असतं, पण एक शब्द चुकला तर लोक हसतील या भीतीने पोरगं "हां सर, नाही सर" एवढ्यावरच थांबतं. तेच उत्तर घरी येऊन अम्मीला खडाखडा सांगतं. अशा मुलाला "बिनधास्त बोल" म्हटलं की ते आणखी गप्प होतं. बोलण्याची अडचण असणं यात कमीपणा नाही. फिरऔनकडे जाण्याआधी हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली होती, आणि मदतीला भाऊ हजरत हारून यांना मागितलं होतं.

मग करायचं काय? 1939 च्या सुमारास शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन या शिक्षिकेसमोर अशीच मुलं होती: वेगवेगळ्या देशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची, वेगवेगळ्या भाषांची. तिने भाषण शिकवलं नाही, खेळ दिले. खेळताना मुलाचं लक्ष स्वतःवरून उठून खेळावर जातं आणि भीती मागे पडते. पुढे 1963 मध्ये तिने हे खेळ पुस्तकात मांडले; नाटकवाले आणि शिक्षक ते आजही वापरतात.

आपल्याकडे एका खोलीत होईल असा खेळ म्हणजे पाठीला पाठ. दोन मुलं पाठ टेकवून बसतात. एकाच्या हातात साधं चित्र असतं: चौकोन, त्यावर त्रिकोण, बाजूला गोल. तो वर्णन करतो, दुसरा न बघता काढतो. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने काही विचारायचं नाही. चित्र हमखास बिघडतं, कारण सांगणारा "बाजूला" म्हणतो, पण कोणत्या बाजूला ते सांगत नाही. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायची मुभा द्या. चित्र बरंच जमतं. "डावीकडे का उजवीकडे?" असं विचारणं म्हणजे अडाणीपणा नाही, हे मुलाला तिथेच कळतं. मशीनवर काम शिकताना हाच प्रश्न बोटं वाचवतो.

कानगोष्टींचा खेळ सगळ्यांनाच माहीत आहे. फक्त वाक्य आपल्या गावचं घ्या: "उद्या कंपनीची बस साडेसहाला नाही, सहाला येणार, आणि बिडकीन फाट्यावर थांबणार नाही." शेवटच्या मुलापर्यंत बस भलत्याच वेळेला येते! हसून झालं की एकेकाला विचारा, तुला काय ऐकू आलं? वाक्य नेमकं कुठे मोडलं ते सापडतं. बहुतेक वेळा 'नाही' हा शब्दच गळालेला असतो. व्हॉट्सॲपवरच्या अफवा कशा बनतात, हेही इथेच सांगता येतं.

प्रत्येक गटात एकटाच बोलणारा एक असतो. (खरं सांगायचं तर मोठ्यांच्या बैठकीतही असतो.) त्यासाठी चिंचोके. प्रत्येकाला तीन द्या. बोललं की एक मध्ये टाकायचा. संपले की फक्त ऐकायचं. गप्प मुलाचे तीन शिल्लक राहतात आणि सगळे त्याच्याकडे बघू लागतात. तेव्हा घाई करू नका, थांबा.

पहिले काही दिवस मुलांना दखनीतच खेळू द्या. सवय झाली की तोच खेळ मराठीत, मग मोडक्या इंग्रजीत. मध्येच व्याकरण दुरुस्त करू नका. मुलींचा गट वेगळा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्यांना वगळू नका. मुलाखत त्यांनाही द्यायची आहे. 2024 पासून राज्यातल्या शाळांत पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. हे खेळ तिथे घ्या, असं पालक मुख्याध्यापकांना सुचवू शकतात.

आणि घरी मुलाखतीचा खेळ घ्याल तेव्हा साहेबाच्या खुर्चीवर मुलाला बसवा. अब्बूंनी समोर बसून नोकरी मागायची.