गुत्तेदार, साहेब आणि कलम 30

जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यात सरकारी काम म्हणजे बहुतेक वेळा रस्ता, शाळेची खोली, पाझर तलावाची दुरुस्ती, नाहीतर पाणीपुरवठ्याची पाइपलाइन. घेणारा गुत्तेदार जवळपासचाच, उसनवारी करून सिमेंट-खडी टाकणारा. बिल अडकलं की तो चहाच्या टपरीवर मिळालेल्या सल्ल्यावर चालतो. त्यातले काही सल्ले त्याला फार महागात पडतात.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा, की करारात ‘अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम’ लिहिलंय म्हणजे विषय संपला. राज्याच्या बी-1 करारातलं कलम 30 तसं म्हणतं खरं, पण त्याच कलमात पुढची वाटही आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या कामांत आणि दाव्यांत 30 दिवसांच्या आत मुख्य अभियंत्याकडे अपील करता येतं आणि त्यानंतर सचिवांकडे जाता येतं. गुत्तेदार सही करतो, ते पान मात्र वाचत नाही आणि मुदत हातची जाते. ‘अंतिम’ म्हटल्याने न्यायालयाचं दारही बंद होत नाही. करार मोडला की नाही हे करारातल्याच एका पक्षाने ठरवून स्वतःच भरपाई लावायची, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकार विरुद्ध श्री रामेश्वर राइस मिल्स या प्रकरणात 1987 मध्येच अमान्य केलं. आपल्याच दाव्यात आपणच न्यायाधीश होता येत नाही.

याच्या नेमका उलटा गैरसमजही तेवढाच महागडा: ‘कलम 30 म्हणजे लवाद, लवाद नेमून घेऊ.’ विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बी-1 मधलं कलम 30 हा लवादाचा करार नाही. ती खात्याअंतर्गत देखरेखीची आणि वाद मिटवण्याची व्यवस्था आहे. लवाद हवा तर तसा लेखी करार लागतो. तो नसेल तर रस्ता दिवाणी दाव्याचा. राज्य सरकारवर दावा टाकण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बांधकामाचा वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येतो. तिथे तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. करारात लवाद असेल, तर आपल्या मर्जीने एकटाच लवाद नेमण्याचा अधिकार खात्याला नाही, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे.

खरी लढाई मात्र त्याच्या कितीतरी आधी, मोजमाप पुस्तिकेत होते. बालाघाटच्या रांगेत हे हमखास घडतं: अंदाजपत्रकात मुरूम धरलेला, चर खणायला घेतला की चार फुटांवर काळा पाषाण. ब्रेकर लावावा लागतो, खर्च वाढतो. शाखा अभियंता म्हणतात, ‘करून घ्या, बघू नंतर.’ पाइप टाकून चर बुजवला की तो पाषाण कुणालाच दिसत नाही. म्हणून बुजवण्याआधी पत्र द्या, पोच घ्या, संयुक्त मोजणी मागा, तारखेसह फोटो काढा. पुस्तिकेतली मोजणी मान्य नसेल तर सहीशेजारी ‘हरकत राखून’ लिहा आणि कारण लेखी कळवा. नुसती ‘मान्य’ म्हणून केलेली सही पुढे दाव्यात आपल्याच अंगाशी येते.

तोंडी आदेशावर केलेलं काम पूर्ण वाया गेलं, असंही समजू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 299 प्रमाणे सरकारचा करार लेखी आणि ठरल्या नमुन्यात लागतो. पण 1961 च्या बी. के. मंडल प्रकरणात, अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून पुरवठा खात्यासाठी उभारलेल्या कोठारांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. आधार होता करार कायद्याच्या कलम 70 चा: सरकारने काम स्वीकारलं, त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. मात्र ते काम कुणी सांगितलं आणि कुणी वापरलं हे सिद्ध करणं गुत्तेदाराच्याच माथी असतं. त्यामुळे कार्यारंभ आदेशाशिवाय काम करू नका, हेच मी आग्रहाने सांगेन.

‘सरळ खंडपीठात रिट टाकू’ हाही सल्ला ऐकायला मिळतो. बिल मंजूर आहे, रक्कम कबूल आहे, फक्त अडवली आहे, अशा वेळी मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ दखल घेऊ शकतं. खोदाई किती झाली यावरच वाद असेल तर पुरावे तपासायला बहुधा दिवाणी न्यायालयातच पाठवलं जाईल. मात्र बाजू न ऐकता काळ्या यादीत टाकलं असेल तर रिट जरूर करावं. सुनावणीचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1974 च्या एरुशियन इक्विपमेंट निकालापासून मान्य केलेला आहे.

शाळेला बाकं किंवा दवाखान्याला साहित्य पुरवणाऱ्या नोंदणीकृत लघुउद्योजकासाठी 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात वेगळी सोय आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद. बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, म्हणून रस्तेवाल्यांनी त्यावर विसंबू नये.

आणि ‘निधी आला की मिळेल’ या आश्वासनावर वर्षं घालवू नका. थकीत बिलांसाठी 2025 मध्ये राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली, पण आंदोलनाने किंवा स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. पैसे देण्याची तारीख करारात ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो. ती तीन वर्षं संपण्याआधी खात्याने सहीनिशी ‘इतकी रक्कम देणे आहे’ असं लिहून दिलं, तर मुदत नव्याने मोजली जाते. तेवढं एक पत्र मागून घ्या.