मोटारीत पाणी शिरते कोठून?

पावसाळा सुरू झाला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते : "मिस्त्री, गाडीत पाणी येते, जरा सिलिकॉन मारून द्या." मिस्त्री काचेभोवती सिलिकॉन मारतो, आणि पुढच्याच सरीला पायाखालचे मॅटिंग पुन्हा ओले होते. भाड्याच्या गाडीवर ज्याचे घर चालते, त्याला ऐन हंगामात गाडी वारंवार उभी ठेवणे परवडत नाही. म्हणून या दुखण्याचे मूळ आपण समजून घेऊ या.

मोटार म्हणजे बंद डबा नव्हे. काही ठिकाणी पाणी येणारच, हे धरूनच तिची बांधणी केलेली असते आणि ते बाहेर जाण्याच्या वाटाही ठेवलेल्या असतात. पुष्कळदा या वाटा तुंबल्यामुळेच पाणी आत शिरते.

काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरून तळाच्या भोकांतून खाली पडते. ही भोके चिखलाने बुजली की ते दारातच साचते व दार गंजते. दाराच्या आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाटला, तर पाणी पायाशी येते. वायपरखालच्या पन्हळीत पाला कुजून निचरा बंद झाला, तर पाणी ब्लोअरच्या मार्गाने डॅशबोर्डखाली उतरते. सनरूफच्या कोपऱ्यांतील नळ्यांचेही तसेच. शिवाय दारांचे व डिकीचे रबर कडक होऊन चिरते, हे वेगळेच.

कोरड्या दिवशी एसी चालू असताना स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर एसीची निचरा नळी तुंबली आहे असे समजावे. पाणी चिकट व गोडसर वासाचे असेल, तर ते कूलंट होय. गाडी ताबडतोब गॅरेजमध्ये न्यावी.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. मॅटिंग उचलून कोरडे वर्तमानपत्र पसरावे. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने साध्या पाइपने खालून वर, एकेका जागी काही मिनिटे पाणी सोडावे. जोराचा फवारा नको. त्याने खरी जागा कळत नाही. जागा सापडल्याशिवाय सिलिकॉन लावू नये. निचऱ्याचे भोक त्याने बुजले, तर दुखणे वाढते.

भिजलेल्या मॅटिंगखालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आत पाणी धरून ठेवतो. त्याने पत्रा गंजतो, वायरिंगचे जोड खराब होतात. म्हणून तो उचलूनच वाळवावा.

आमचा सल्ला असा की, मे महिन्यातच पाला काढून सर्व भोके मोकळी करून घ्यावीत. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही सौद्यापूर्वी मॅटिंग आणि स्टेपनी उचलून पाहावी. वरची पॉलिश फसवते. खालचा गंज फसवत नाही.