विमानातून चालवलेल्या टॉर्पेडो बोटी

ऑक्टोबर १९१७ मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली एक जर्मन बोट ‘एरेबस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर आदळली. बोटीत माणूस नव्हता. किनाऱ्यापासून उलगडत गेलेल्या लांबलचक तारेतून तिला वळवलं जात होतं. एरेबसचं नुकसान झालं, पण ती बुडाली नाही.

तार तुटली की खेळ संपला. म्हणून युद्धानंतर सगळा भर रेडिओवर आला, आणि या कामात विलक्षण चिकाटी दाखवली ती सोव्हिएत रशियाने. १९२१ मध्ये व्लादिमीर बेकाउरी यांनी पेट्रोग्राडमध्ये नव्या शस्त्रांसाठी खास संस्था उभारली. १९३०च्या दशकात तिथल्या यंत्रणेमुळे टॉर्पेडो बोटी विमानातून चालवता येऊ लागल्या.

यातली ‘जी-५’ ही तुपोलेव यांच्या विमानरचनाकारांनी घडवलेली ड्युरालुमिनची बोट, ताशी ५० नॉटपेक्षाही वेगवान. तिचा टॉर्पेडो मागच्या पन्हळीतून पाण्यात ढकलला जाई आणि बोटीच्याच दिशेने धावू लागे, त्यामुळे बोटीला तत्काळ बाजूला व्हावं लागे. खलाशांनाही अवघड असलेली ही हालचाल आकाशातून, निव्वळ रेडिओसंदेशांवर करवून घ्यायची, हे त्या काळातलं मोठंच धाडस होतं.

बेकाउरींना मात्र स्टालिनच्या दमनसत्रात १९३७ मध्ये अटक झाली. पुढच्याच वर्षी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.