खांबावरचा डबा आणि गृहसचिवांचा हुकूम

किन्हवलीच्या बाजारपेठेत विजेच्या खांबाला टांगलेला काळा डबा उघडून केबलवाल्याचा पोरगा केसाएवढी बारीक फायबर जोडू लागला, की आपल्या घरातले सारे व्यवहार आता या पोराच्या नजरेखाली गेले, अशी धास्ती चांगल्या सुज्ञ माणसांच्याही मनात उत्पन्न होते. वस्तुतः त्या डब्यात असतो तो एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटून देणारा स्प्लिटर. आणि बँकेचा व्यवहार वा व्हॉट्सॲपचा मजकूर तर आपल्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन त्या तारेवर चढतो. कोणत्या ठिकाणाशी केव्हा संपर्क झाला, एवढे मात्र कंपनीच्या यंत्रांना कळते, आणि परवान्याच्या अटींप्रमाणे अशा नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात.

याच नोंदी पोलिसांनी तपासासाठी मागवल्या, की गावात ‘फोन टॅप झाला’ अशी आवई उठते. परंतु झालेल्या संपर्काच्या नोंदी मागवणे निराळे आणि चालू संदेश मध्येच अडवून वाचणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचा हुकूम किन्हवली ठाण्याच्या फौजदाराला काढता येत नाही, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनाही नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २० आणि त्याखालील २०२४ ची नियमावली यांनुसार राज्यापुरता असा हुकूम गृहसचिवांनी कारणे नमूद करून लेखी द्यायचा. त्याची मुदत ६० दिवसांची, वाढवत नेली तरी १८० दिवसांपलीकडे नाही. आणि मुख्य सचिवांच्या समितीने त्याची फेरतपासणी करायची. निकडीच्या प्रसंगी महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आरंभ करू शकतो, पण सात कामकाजी दिवसांत मंजुरी न मिळाल्यास तो प्रकार तिथेच थांबवावा लागतो.

न्यायाधीशाच्या सहीवाचून हे घडतच नाही, हा समज मात्र खोटा आहे, आणि मला या व्यवस्थेतले खरे वैगुण्य तेच वाटते. कारण हुकूम देणारे आणि तो तपासणारे दोघेही सरकारी अंमलदारच, आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याला तिची वार्ताही नसते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधने घालून दिल्यानंतरही, १० लाखांच्या कथित लाचेच्या प्रकरणात मुंबईच्या एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्यासाठी २००९-१० मध्ये तीन हुकूम निघाले. सार्वजनिक सुरक्षिततेचा यात प्रश्नच नव्हता, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि टिपलेल्या संभाषणांच्या प्रती नष्ट करायला लावल्या, ते २०१९ च्या ऑक्टोबरात. पहिल्या हुकुमाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.