ज्योतीतला हरवलेला उजेड

गॅसची शेगडी पेटवली की बर्नरभोवती निळे कडे उमटते. पिवळी ज्योत दिसते ती तापलेल्या काजळीमुळे. निळा उजेड मात्र जळताना क्षणभर जन्मणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा, म्हणजे मूलकांचा असतो. कार्बन-हायड्रोजनची जोडी निळसर जांभळा प्रकाश देते, दोन कार्बनची हिरवट. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, हायड्रॉक्सिल, अतिनील प्रकाश देते. तो डोळ्यांना दिसत नाही.

पण खरे महत्त्वाचे काम या न दिसणाऱ्या मूलकाचे. ज्वलनात तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर मुख्यतः हायड्रॉक्सिल करते. हवा कमी पडली किंवा ज्योत अवेळी थंड झाली की हे काम अर्धवट राहते. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोका हाच. म्हणून ज्योतीत कुठे किती हायड्रॉक्सिल आहे, हे बर्नर आणि इंजिनांचा अभ्यास करणाऱ्यांना मोजावे लागते.

त्यासाठी ज्योतीत अतिनील लेसर सोडतात. हायड्रॉक्सिल ती ऊर्जा घेऊन उत्तेजित होते आणि ३०८ नॅनोमीटरच्या आसपास चमकते. चमक जास्त तिथे मूलके जास्त, असा सोपा हिशेब वाटतो. तो फसवा आहे.

एकटे सोडले तर उत्तेजित हायड्रॉक्सिलला प्रकाश सोडायला सरासरी सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात. नेहमीच्या हवेच्या दाबावरील ज्योतीत त्याला इतकी उसंत कोण देणार! साधारण दोन नॅनोसेकंदांतच एखादा शेजारी रेणू धडकून ती ऊर्जा काढून घेतो आणि प्रकाश निघतच नाही. याला टकरीमुळे होणारे शमन म्हणतात. हजार उत्तेजित मूलकांपैकी जेमतेम तीन चमकतात.

त्यातही धडकणारा कोण, यावर बरेच अवलंबून. ज्योतीत सर्वाधिक गर्दी हवेतल्या नायट्रोजनची, पण हायड्रॉक्सिलला विझवण्यात तो कच्चा. पाण्याची वाफ संख्येने कितीतरी कमी असूनही त्यात पटाईत. त्यामुळे हायड्रॉक्सिल तेवढेच असूनही वाफ जास्त असलेली जागा अंधूक दिसू शकते. तापमानानेही टकरींचा परिणाम बदलतो.

म्हणून संशोधक तापमान आणि आसपासचे वायू मोजून आकडा दुरुस्त करतात. काही जण दाब कमी करून ज्योत जाळतात, म्हणजे टकरी विरळ होतात. काही ठिकाणी सेकंदाच्या अब्जांशाहूनही छोट्या लेसर-स्पंदाने चमक किती वेगाने मावळते तेच थेट टिपतात. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मात्र दाब आणि वायूंचे प्रमाण क्षणोक्षणी बदलते. तिथे ही दुरुस्ती आजही जिकिरीची आहे.