संधिवाताभ संधिशोथाचे निदान
रक्तात ‘आर. ए. फॅक्टर’ आढळला नाही, म्हणजे आमवात नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे. १९८७ साली अमेरिकेत ठरलेल्या ७ निकषांपैकी ४ जुळावे लागत. त्यांत त्वचेखालील गाठी व क्ष-किरण चित्रात दिसणारी हाडांची झीज यांचाही समावेश होता. ही चिन्हे बहुधा उशिरा प्रकट होतात, आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. उपचार त्याआधीच हवा.

म्हणून २०१० साली अमेरिकी व युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी १० गुणांची पद्धती स्वीकारली. सांध्यांना अधिकाधिक ५ गुण, रक्तातील प्रतिपिंडांना ३, ई. एस. आर. वा सी. आर. पी. वाढल्यास १ आणि विकार सहा आठवडे टिकल्यास १. सहा गुण पुरेसे होत. बोटांच्या लहान सांध्यांसह दहांहून अधिक सांधे सहा आठवडे सुजलेले वा दुखरे असतील, तर रक्ततपासणी निर्दोष असूनही ते भरतात.

अर्थात हे निकष मूलतः संशोधनार्थ वर्गीकरणाचे आहेत. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखीही असेच रूप घेते. तेव्हा सुजेचे अन्य कारण नाही ना, हे डॉक्टरांनी प्रथम पाहावयाचे असते. पाचच गुण भरले तरी रुग्णास निरोगी ठरवू नये. काही आठवड्यांनी त्याची फेरतपासणी करावी, कारण उरलेले गुण कालांतराने भरू शकतात.